आगळीक

चोराचा हेतू समजून घेण्यास फारसे डोके खाजवावे लागत नाही. दुसऱ्याची वस्तू त्याला आपल्यापाशी हवी असते. अफरातफर करणारा, खोटे दस्तऐवज करणारा, लाच घेणारा, या सर्वांचा हिशेब शेवटी कोठेतरी जमेच्या बाजूस येऊन थांबतो. परंतु अमावास्येच्या रात्री शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीला काडी लावून जो माणूस घरी परततो, त्याच्या हाती काय आलेले असते? पहाटे त्याच्या स्वतःच्या गोठ्यात एक पेंढीही अधिक नसते. शेजाऱ्याच्या बैलांपुढे टाकावयास मात्र काही उरलेले नसते. ज्यात करणाऱ्याचा छदामाचाही लाभ नाही आणि सोसणाऱ्याचे मात्र वर्ष बुडते, असा हा गुन्हा आहे.

इंग्रजी दंडसंहितेत या गुन्ह्याला 'मिस्चिफ' असे नाव आहे. हाच शब्द इंग्रज माणूस आपल्या मुलांच्या खोड्यांनाही लावतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला गुन्ह्याचे गांभीर्य चटकन जाणवत नाही. मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी 'आगळीक' हा शब्द योजला, आणि तो मूळ शब्दापेक्षा सरस आहे असे म्हणावयास हरकत नाही. आगळा म्हणजे अधिक, मर्यादेपलीकडचा. जेथे पाऊल थांबावयास हवे होते तेथे ते न थांबता पुढे पडले, हा अर्थ त्या एका शब्दात आला आहे. बांध ओलांडणे ही कल्पना ज्या समाजाच्या रक्तातच आहे, त्या समाजाला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही.

भारतीय दंडसंहितेचा पहिला मसुदा मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ साली सादर केला. पुष्कळ काळ तो दप्तरात पडून राहिला, आणि शेवटी १८६० साली त्याचा कायदा होऊन १ जानेवारी १८६२ पासून तो अमलात आला. त्यातील ४२५ वे कलम आगळिकीची व्याख्या करते. सार्वजनिक किंवा कोणाही व्यक्तीचे गैरहानी वा नुकसान व्हावे या उद्देशाने, अथवा तसे होण्याचा संभव आहे हे ठाऊक असताना, जो कोणी एखाद्या मालमत्तेचा नाश घडवून आणतो, किंवा तिच्यात अथवा तिच्या जागेत असा फेरफार करतो की ज्यामुळे तिचे मूल्य किंवा उपयुक्तता नष्ट होते वा कमी होते, तो आगळीक करतो, असा तिचा आशय आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या ३२४ व्या कलमात ही व्याख्या जवळजवळ जशीच्या तशी उतरली आहे.

व्याख्येखाली जी उदाहरणे दिली आहेत, ती वाचताना कायद्याचे पुस्तक वाचीत आहोत याचा क्षणभर विसर पडतो. कोणी दुसऱ्याची अंगठी नदीत फेकून देतो. कोणी दुसऱ्याच्या उभ्या पिकात गुरे घालतो. कोणी दुसऱ्याच्या बर्फघरात पाणी सोडतो आणि आतील बर्फ वितळून जाते. हे शेवटचे उदाहरण आज अनेकांना गमतीचे वाटेल. परंतु ते त्या काळाचे खरे चित्र आहे. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टनहून निघालेले बर्फाचे पहिले जहाज कलकत्त्यास पोहोचले. पुढे मुंबई आणि मद्रास या बंदरांतही असे बर्फ येऊ लागले, आणि ते साठविण्यासाठी जाड भिंतींची घरे बांधली गेली. अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून आणलेला तो माल घडाभर साध्या पाण्याने नासू शकत होता. आगळीक म्हणजे काय, हे सांगण्यास याहून चांगले उदाहरण मिळाले नसते. येथे तोडफोड नाही, आग नाही, आवाजसुद्धा नाही. पाण्यात पाणी मिसळते, एवढेच. अमेरिकेचे बर्फ येणे बंद होऊन शतकाहून अधिक काळ लोटला, घरोघरी शीतकपाटे आली, तरी २०२३ साली केलेल्या नव्या संहितेतही ते बर्फघर वितळतेच आहे.

आता या कलमातील एक चमत्कारिक गोष्ट पाहावयाची. मालमत्ता दुसऱ्याचीच असली पाहिजे असे व्याख्या कोठेही म्हणत नाही. उलट, स्वतःच्या मालमत्तेच्या बाबतीतही आगळीक होऊ शकते, असे कलमाच्या स्पष्टीकरणात मुद्दाम सांगितले आहे. विमा उतरविलेले स्वतःचे जहाज मुद्दाम बुडविणारा मालक, जप्ती येणार हे कळताच स्वतःचेच सामान फोडून टाकणारा ऋणको, दोघांच्या भागीचा घोडा गोळी घालून मारणारा भागीदार, हे सर्व या कलमाच्या कक्षेत येतात. वस्तू माझी आहे, मी तिचे वाटेल ते करीन, हा युक्तिवाद तेथे टिकत नाही. कायदा वस्तूच्या मालकीकडे पाहत नाही. त्या वस्तूवर आणखी कोणाचा भार टेकलेला आहे, तिकडे पाहतो. २००६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. इंधनाच्या उधारीपोटी एका विमान कंपनीने आपली विमाने तारण लिहून दिली होती, आणि त्यांतील काही विमानांची इंजिने व इतर भाग नंतर काढून घेतले, अशी धनकोची फिर्याद होती. विमाने कंपनीच्याच मालकीची, तिच्याच ताब्यातली. तरीसुद्धा, फिर्यादीतील आरोप खरे धरले तर त्यातून आगळिकीचा गुन्हा दिसतो, मालकी वा ताबा येथे निर्णायक नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि फिर्याद पुढे चालू दिली. भागीचा घोडा आणि गहाण विमान यांच्यामध्ये दीडशे वर्षांचे अंतर असले, तरी तत्त्व एकच आहे. भाऊबंदकीच्या वादात सामाईक आंब्यावर कुऱ्हाड चालविणाऱ्या भावाने हे ध्यानात ठेवलेले बरे.

परंतु त्या सर्व उदाहरणांत अगदी पहिले जे आहे, त्याच्याशी महाराष्ट्राचे नाते विशेष जिव्हाळ्याचे आणि विशेष दुःखाचे आहे. दुसऱ्याचा मूल्यवान रोखा, त्याची हानी व्हावी या हेतूने, जाळून टाकणे, हे ते उदाहरण होय.

कायदा अमलात येऊन पुरती चौदा वर्षे झाली नव्हती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी बाजाराच्या दिवशी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. पुढील काही दिवसांत हे लोण पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. इतिहासात यालाच दख्खनचे दंगे असे म्हणतात. दंगा म्हटला की लुटालूट, रक्तपात असे चित्र डोळ्यांपुढे येते. येथे मात्र जमावाची मागणी बहुतेक ठिकाणी एकच होती : कर्जखते बाहेर काढा, वह्या बाहेर काढा. सावकाराने ती मुकाट्याने दिली, तर त्याच्या अंगाला सहसा हात लागत नसे. कागद चौकात आणावयाचे आणि त्यांची होळी करावयाची, की काम संपले.

या लोकांना नेमके कागदच का हवे होते? अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकाराने कर्जही सढळ हाताने दिले. युद्ध थांबले, भाव कोसळले, त्याच सुमारास नव्या पाहणीप्रमाणे सारा वाढला, आणि कर्ज मात्र जागच्या जागी राहिले. राहिले म्हणणेही खरे नव्हे. ते वाढत गेले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखताची मुदत तीन वर्षांची केली होती. हेतू असा की जुन्या व्याजाचे डोंगर साचू नयेत. घडले ते उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार मुद्दल आणि थकलेले व्याज यांची बेरीज करून नवे खत लिहून घेऊ लागला, आणि त्या नव्या मुद्दलावर नव्याने व्याज सुरू झाले. अक्षरशून्य कुणब्याने कशाखाली अंगठा उठविला हे त्याला ठाऊक नसे, आणि न्यायालयाला मात्र तेवढा अंगठाच दिसे. कायद्याने ऋणकोसाठी बांधलेली भिंत त्याच्याच अंगावर पडावी, याचे याहून ठळक उदाहरण महसुली इतिहासात क्वचित सापडेल.

तेव्हा त्या चौकात जे जळत होते त्याची किंमत काय धरावयाची? कागद म्हणून काही आणे. पण ४२५ व्या कलमाच्या भाषेत बोलावयाचे, तर त्याची उपयुक्तता एका कुटुंबाच्या सर्व जमिनीएवढी होती. कायद्याच्या दृष्टीने हे जाळणे निःसंशय अपराध होते, आणि शेकडो लोकांना अटक झाली. परंतु सरकारला तेवढ्यावर थांबता आले नाही. दंग्यांची कारणे शोधण्यासाठी आयोग नेमावा लागला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. त्या कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांतील न्यायाधीशांना खताच्या पाठीमागे जाण्याचा, म्हणजे मूळ कर्ज किती, व्याज किती आणि फेड किती याचा पहिल्यापासून हिशेब घेण्याचा अधिकार दिला. शेतकऱ्यांनी आगीने जे केले होते, त्यातला न्याय्य भाग कायद्याने चार वर्षांनी लेखणीने केला, असे म्हटल्यास ते अगदीच चुकीचे ठरणार नाही. आगळीक करणाऱ्याचा हेतू नेहमी द्वेषाचाच असतो, हे गृहीत धरण्यापूर्वी सुप्याची आठवण ठेवावी.

हेतूचा प्रश्न निघालाच आहे, तर त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. निष्काळजीपणाने झालेली हानी ही आगळीक नव्हे. हानी करण्याचा उद्देश तरी हवा, किंवा ती होण्याचा संभव आहे याची जाणीव तरी हवी. शिवकालातील एक पत्र या ठिकाणी आठवते. चिपळूणच्या बाजूस छावणी करून राहिलेल्या लष्करातील जुमलेदारांना शिवाजी महाराजांच्या दरबारातून ते गेले होते. रयतेचे दाणे, गवत, लाकूडफाटा बळाने घेऊ नका, असे त्यात बजावले आहेच; परंतु त्याहूनही लक्षात राहतो तो त्यातील उंदीर. रात्री दिवा तसाच जळत ठेवाल, उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताच्या गंज्या पेटतील, अशी सूचना त्यात आहे. या पत्राने हेतू आणि हयगय यांत भेद केला नाही. ज्याची गंजी जळाली त्याला तो भेद करून काय मिळणार? इंग्रजी परंपरेतील दंडसंहितेने मात्र तो भेद काटेकोरपणे पाळला. विस्तवाच्या बाबतीतील बेफिकिरीसाठी तिने निराळे आणि सौम्य कलम ठेवले, आणि आगळिकीच्या दारात मनाची झडती घेणे सक्तीचे केले.

ही झडती अवघड आहे, आणि बहुतेक खटले तेथेच अडकतात. गावोगावची नेहमीची गोष्ट घ्यावी. दोन शेतांमधला बांध. एकजण नांगरताना दरवर्षी वीतभर कोरतो. दुसरा एके दिवशी मजूर आणून बांध मूळ जागी सरकवितो आणि त्या पट्ट्यातली ज्वारी उपटतो. पहिला फौजदारीत धाव घेतो. आरोपी म्हणतो, ही जमीन माझीच होती. ते म्हणणे प्रामाणिक आहे असे दिसले, मग ते अखेरीस चुकीचे का ठरेना, तर आगळिकीचा आरोप गळून पडतो. कारण आपलेच आहे असे मनापासून मानणाऱ्याच्या ठायी दुसऱ्याची गैरहानी करण्याचा उद्देश राहत नाही. फिर्यादीला सांगण्यात येते की दिवाणी दावा लावा आणि मोजणी आणा. सरकारी मोजणीचा दगड हलविला असता तर स्वतंत्र कलम होते. परंतु वाडवडिलांनी घातलेल्या मातीच्या बांधाला ते संरक्षण नाही.

येथे आणखी एक अडचण उभी राहते, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. जुन्या संहितेत साध्या आगळिकीला तीन महिन्यांपर्यंत कैद होती. नुकसान पन्नास रुपये वा त्याहून अधिक असेल तर दोन वर्षांपर्यंत. १८६० साली पन्नास रुपये ही लहानसहान रक्कम नव्हती. हिंदी शिपायाला त्या काळी दरमहा सात रुपये मिळत. म्हणजे सात महिन्यांची चाकरी. तेव्हा ही रेषा अर्थपूर्ण होती. पुढे रुपया घसरत गेला आणि रेषा जागची हलली नाही. तब्बल दीडशेहून अधिक वर्षे कायद्याच्या पुस्तकात पन्नासाचा आकडा तसाच राहिला. परिणामी, खिडकीची एक काच फोडणारा आणि तोडणीस आलेली दोन एकर द्राक्षबाग रातोरात कापून टाकणारा, हे दोघेही एकाच कलमाखाली, एकाच कमाल शिक्षेस पात्र ठरू लागले. शिवाय ही दोन्ही कलमे अदखलपात्र. वेलींची कापलेली खोडे पाहून ठाण्यावर गेलेल्या शेतकऱ्याच्या हाती नोंदीचा कागद पडे आणि न्यायालयात जाण्याचा सल्ला मिळे. नव्या संहितेने वीस हजार आणि एक लाख अशा दोन रेषा आखल्या आहेत, आणि एक लाखावरील हानीला पाच वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. सुधारणा चांगली आहे. फक्त, आकडा पुन्हा कायद्याच्या मजकुरातच कोरला आहे, आणि रुपया काही आजपासून स्थिर राहण्याचे वचन देऊन बसलेला नाही.

ज्यांनी संहिता घडविली त्यांना किंमतीच्या मापाची मर्यादा कळत नव्हती असे नाही. काही वस्तूंच्या बाबतीत त्यांनी रुपयांचे माप पार बाजूला ठेवले होते. बैल, गाय, म्हैस, घोडा, उंट, हत्ती यांना ठार मारणे, विष घालणे किंवा निकामी करणे याला, जनावराची किंमत काहीही असो, पाच वर्षांपर्यंत कैद होती. म्हाताऱ्या बैलाला बाजारात मोल नसले तरी पेरणीच्या दिवसांत त्याच्यावाचून घर अडते. शेतीच्या किंवा पिण्याच्या पाण्याचा पुरवठा कमी होईल असे कृत्य केल्यास तीच शिक्षा. पाटाची चारी फोडून आपल्या पाळीआधी पाणी वळविणाऱ्याने किती लिटर नेले आणि त्याचा भाव काय, हे तेथे विचारीत नाहीत. रस्ता, पूल यांनाही तेवढेच संरक्षण. दीपगृह नष्ट करणाऱ्याला सात वर्षे. कारण तो दिवा ज्यांच्यासाठी जळतो ती माणसे अद्याप समुद्रात कोठेतरी आहेत. आणि राहत्या घराला आग लावणाऱ्याला जन्मठेपेपर्यंत. किंमतीपेक्षा अवलंबनाचे हे माप अधिक खरे आहे, आणि नव्या संहितेनेही ते मोडलेले नाही. जनावरांच्या बाबतीत तर जातीची यादी आणि रुपयांची अट दोन्ही काढून टाकून कोणत्याही जनावराला ते लागू केले आहे.

ज्या इंग्लंडमधून हे कायदेपंडित आले, तेथील परंपरा याहून फार कठोर होती. १७२३ च्या तेथील कायद्याने झाडे तोडणे, गुरांना जायबंदी करणे, मत्स्यतळ्याचा बांध फोडणे असल्या कृत्यांना फाशी ठरविली होती. १८१२ साली यंत्रमाग फोडणाऱ्या विणकरांनाही तीच शिक्षा ठरली, तेव्हा कवी बायरन याने उमरावांच्या सभेतील आपल्या पहिल्याच भाषणात तिला विरोध केला होता. त्या मानाने मेकॉले यांची संहिता पुष्कळच सौम्य म्हणावी लागेल.

आपल्याकडील प्राचीन ग्रंथही या बाबतीत मवाळ नव्हते. तलावाचा बांध फोडणाऱ्याला पाण्यातच बुडवून मारावे, असे मनुस्मृती सांगते आणि कौटिल्यही सांगतो. परंतु मनूच्या त्याच श्लोकात एक दुसरी वाट आहे, जी भाष्यकारांच्या गर्दीत बरेचदा दुर्लक्षित राहते. फोडणाऱ्याने बांध पुन्हा बांधून दिला, तर मृत्यूऐवजी त्याच्याकडून सर्वांत मोठा दंड घ्यावा. पूल किंवा मूर्ती भंगणाऱ्याच्या बाबतीतही ते सर्व त्याने पूर्ववत करावे आणि वर पाचशेचा दंड भरावा, अशी योजना आहे.

मोडणाऱ्यानेच दुरुस्त करून द्यावे, हा विचार आधुनिक दंडविधानात मात्र नीट रुजला नाही. न्यायालय दंडाच्या रकमेतून नुकसानभरपाई देववू शकते. परंतु त्यासाठी आधी खटला उभा राहावा लागतो आणि निकाल लागावा लागतो. सार्वजनिक मालमत्तेसाठी १९८४ साली स्वतंत्र कायदा झाला. बंद आणि मोर्चे यांत होणाऱ्या जाळपोळीची सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली स्वतः होऊन दखल घेतली, दोन समित्या नेमल्या, आणि २००९ च्या निकालात हानीची भरपाई दोषी व्यक्तींकडून आणि आंदोलनाच्या संयोजकांकडून वसूल करण्याची तत्त्वे घालून दिली. हे सर्व एस.टी.च्या गाडीसाठी ठीक आहे. कडब्याच्या गंजीसाठी समिती बसत नाही.

नव्या न्याय संहितेने शिक्षांच्या यादीत समाजसेवा ही एक नवी शिक्षा घातली आहे. पाच हजार रुपयांहून कमी किंमतीची वस्तू पहिल्यांदाच चोरणाऱ्याने ती परत केली, तर त्याला ती देता येते. दारू पिऊन सार्वजनिक जागी गैरवर्तन करणाऱ्यालाही ती देता येते. आगळिकीच्या ३२४ व्या कलमात मात्र तिचा उल्लेख नाही. वास्तविक ज्या गुन्ह्यात फावडे हाती देऊन, हा फोडलास तो बांध घाल, असे सांगता येण्याजोगे आहे, तो हाच. चारी फुटलेल्या शेतकऱ्याला दुसऱ्याच्या तीन किंवा सहा महिन्यांच्या कैदेशी फारसे कर्तव्य नसते. त्याला पुढची पाळी येण्याआधी चारी बुजविलेली हवी असते, आणि पाळी साधारण तीन आठवड्यांनी येते.